कोरगावचं मीठपाणी

ती घटना आठवली की आजही माझे हात गार पडतात. पोलिसात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने असं लिहावं का? पण खरं ते खरं.

काजूचे दिवस होते. भर दुपारी कोरगावहून ठाण्यात फोन आला. "सायबानू, माज्या भावाक बायलेन इख घातल्यान! रगत ओकता तो!" बागायतीत काजूची बोंडं तुडवता तुडवता तो पन्नाशीचा गडी कोसळला होता. भावाने त्याला मिठाचं पाणी पाजायला सुरुवातही केली होती. आमच्या भागात विष म्हटलं की मीठपाणी पाजून ओकवायचं, हे पोराटोरांना ठाऊक. मीही ठसक्यात सांगितलं, "आणखी दोन तांबे पाजा. ॲम्ब्युलन्स पाठवतो."

पंचनाम्याला पोहोचलो तेव्हा त्याला नुकतंच हॉस्पिटलात हलवलं होतं. जमिनीवर रक्ताचं थारोळं पडलं होतं. बाप रे! एका माणसाच्या पोटातून एवढं रक्त? तो जेवला होता त्या थाळीतलं उरलेलं जेवण सील केलं. सकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झाल्याचं शेजारी सांगत होते. मला तेवढं पुरलं. बायकोला ठाण्यात आणलं आणि महिला कॉन्स्टेबलसमोर जबाब घ्यायला बसलो.

"काय घातलंस जेवणात?"

"काय एक नाय, सायबानू. देवाशपथ!"

दहा वेळा तोच प्रश्न, दहा वेळा तेच उत्तर. तेवढ्यात हॉस्पिटलातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "रक्त चढवतोय, पण भरतं तेवढंच जातंय. दुर्बीण घालून रक्तस्राव थांबवायला हवा. विष कसलं ते लवकर सांगा. ॲसिडसारखं काही असेल तर दुर्बिणीने अन्ननलिका फाटायची भीती."

मी टेबलावर हात आपटला. बाई हमसून हमसून रडायला लागली. आमची कॉन्स्टेबल डिचोलीची, डोकं शांत. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "गो, पण तो रोज काय खायचा?"

"गुडघे दुकतत म्हणान गोळये. दुकानातसून हाडलेले. सकाळी उपाशी पोटी दोन, सांजेक दोन. तीन दीस डांबरासारकी काळी संडास होता. डाक्टराकडे चल म्हणान तर सकाळी भांडलंय मी!"

जे भांडण मी तिच्याविरुद्ध लिहून घेतलं होतं, ते त्याला वाचवण्यासाठी होतं. तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावून गोळ्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी दुर्बीण घातली. दुखण्यावरच्या त्या गोळ्यांनी जठरात व्रण पडलेला, त्यातली रक्तवाहिनी उघडी. इंजेक्शन देऊन क्लिप बसवली. माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई भावावर कडाडल्या, "रक्त ओकणाऱ्याला मीठपाणी पाजून आणखी ओकवलंत? कुशीवर निजवायचं, तोंडाने काही द्यायचं नाही, थेट इथे आणायचं! कुणी सांगितलं हे शहाणपण?"

भावाआधी मीच पुढे झालो. मी म्हटलं, "मी सांगितलं."

जेवणाच्या तपासणीत काही निघालं नाही, फाईल बंद झाली. पण कोरगावात चक्कर मारली तेव्हा कळलं, दिराच्या घरचं कुणी तिच्या हातचं खात नव्हतं. विष नव्हतं हे कागदावर आलं होतं, वाडीच्या मनात आलं नव्हतं. तिला ठाण्यात नेऊन तो संशय पक्का करणारा मीच.

तो गडी घरी आल्यावर एका दुपारी गणवेशातच गेलो. तिच्या घरासमोरच्या खळ्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर पाट मांडून बसलो आणि म्हटलं, "वहिनी, भूक लागलीय. वाढा."

ती आत गेली ती लवकर बाहेर येईना. शेवटी शीत-हुमण, म्हणजे भात नि माशाची आमटी, घेऊन आली. मी दोनदा मागून घेतलं. थोड्या वेळाने दीर उठला, पाय धुऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "माकाय वाढ गो, वयनी."