मुनग्यावरची चांदणी

नाताळच्या करंज्यांचा वास सुटला की मला कोरोनातलं ते वर्ष आठवतं. चर्च बंद होतं, लेक पुण्यात अडकलेली, आणि दरवर्षी दारावर चांदणी टांगणारे आमचे हे आदल्या वर्षीच गेलेले. त्यांनी केलेली कामट्यांची चांदणी मांडीवर घेऊन मी वसरीत बसले होते. कुंपणापलीकडे धान वाळवणारी शेजारीण म्हणाली, “बाई, हातात धरून काहून बसल्या? द्या इकडं, आमच्या मुनग्याच्या झाडाले टांगतो. तुमाले बसल्या जागी दिसन.” संध्याकाळी चांदणीत दिवा लागला. तिला कुंपणावरून करंज्या दिल्या, मीही एकटीनं खाल्ल्या, गाणी म्हटली, आणि मन भरून आलं. पुढच्या लाटेत शेजारीण गेली. आता लेक येते, चांदणी दारावर लावते आणि म्हणते, “आई, चांदणी इकडं आहे, तिकडं काय पाहून राहिली?”