तासभर बसायचं

माझा स्वभाव चौकस. आई म्हणायची, नको तिथे नाक खुपसतेस. म्हसळ्याहून स्कूटीवर घरोघरी जाऊन आजारी माणसांना व्यायाम शिकवते, त्यात हेच नाक कामी येतं. दिवेआगरच्या त्या काकांकडे मात्र मी ते घरीच विसरून गेले होते.

काकांचा कॅन्सर मणक्यांत उतरला होता. आता बरं होणं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पनवेलला राहणाऱ्या त्यांच्या मुलाचं फोनवर एकच पालुपद, "बाबांना चालतं करा." मीही वॉकर घेऊन गेले. दोनदा त्यांनी चार-चार पावलं टाकली आणि दोन्ही वेळा पुढचा अख्खा दिवस झोपून काढला. तिसऱ्या खेपेला वॉकर बाजूला ढकलला.

"पाय ऱ्हाऊ दे, पोरी. मला तासभर बसतं कर."

"बसून काय करणार, काका?"

"सुपारी काढायची हाय."

हसावं की रडावं! खरं तर मला रागच आला. पण खोदून विचारलं तेव्हा कळलं. सुपारीच्या वाडीत मागच्या मोठ्या वादळातून वाचलेली थोडीच झाडं, बाकी काकांनी नंतर लावलेली, ती यंदा पहिल्यांदा धरली होती. गडी झाडावर चढतो, पण कुठला घड पिकलाय, कुठला उतरवायचा ते खालून सांगावं लागतं. चाळीस वर्षं ते काकांनीच सांगितलं. काकूंनी सुपारी वाळवली, सोलली, झाडाकडे मान वर करून कधी बघितलं नाही.

"मी गेल्यावर हिला कोन पन गंडवील," काका म्हणाले.

अंगात ताकद मूठभर. ती कुठे खर्चायची हे त्यांचं ठरलेलं होतं, विचारायचं मलाच सुचलं नव्हतं. लाज वाटली. मुलाला मी फोन केला. तो आधी चिडला, मग म्हणाला, "बाबा म्हणतात तसं करा."

डॉक्टरांना विचारून कमरेला पट्टा बांधला, पाठीला उशा लावल्या. दहा मिनिटं, पंधरा, पंचवीस. मग खुर्ची वाडीतच नेली. काका बोट दाखवायचे, काकू चुकायच्या.

"अगं, त्याला अजून आठ दिवस हवेत! डोळे हायत की बटणं?"

"चाळीस वर्षं चूल दाखवलीत, आता झाडं दाखवताय व्हय!"

तास काही झाला नाही. पस्तीस मिनिटांवर गाडी अडली. गडी आला त्या दिवशी काकांचं बोट उठायच्या आत काकू ओरडल्या, "तो नको! मागचा काढ!"

घड खाली आला. काकांनी तो मांडीवर घेऊन उलटसुलट पाहिला. एकही सुपारी हिरवी नव्हती.

"उद्यापासून येऊ नको, पोरी," ते मला म्हणाले. "आता मला झोपू दे."