बांधावरची हाक

आक्का गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं, रेखानं केला. "बाई, सकाळी चहा घेतला, जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच न्हाईत." माझ्या पुढ्यात माझ्याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं पडली होती आणि त्यांत आक्कांचं नाव कुठेच नव्हतं. ते घालायचं मी गेलं वर्षभर ठरवत होते...

पाश्चात्त्य कलेचा इतिहास मी तीस वर्षं शिकवला. निवृत्तीनंतर त्यातल्या गाजलेल्या चित्रांवर आणि शिल्पांवर निवांत लिहावं म्हणून मी पुण्याजवळ भुकूमला आक्कांची एक खोली भाड्यानं घेतली. भातखाचरं विकून उरलेल्या जागेत त्यांनी सहा खोल्या बांधल्या होत्या आणि मागे नावाला एक खाचर राखलं होतं. खोली त्यांची, पण उंबऱ्याबाहेर थांबून "बाई, येऊ का?" असं विचारल्याशिवाय आणि मी "या" म्हटल्याशिवाय त्यांनी कधी आत पाऊल टाकलं नाही. मी भिंतीवर चित्रांच्या आणि शिल्पांच्या मोठ्या छापील प्रती लावल्या होत्या. हात तुटलेल्या व्हीनसपुढे त्या पहिल्याच दिवशी थबकल्या. "हिचे हात कुटं गेले?" सापडले नाहीत, म्हटलं. "बरं झालं. हिला कुणी भांडी घासायला तरी लावणार न्हाई," असं म्हणून स्वतःच खूप हसल्या.

मग त्यांची नजर शेजारच्या चित्राकडे गेली. कापणी झालेल्या शेतात तीन बायका, दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. मागे लांबवर धान्याच्या गंजी आणि घोड्यावर बसलेला एक माणूस. या चित्राला मी ‘धान्यकण गोळा करणाऱ्या स्त्रिया’ असं जडशीळ नाव देऊन ठेवलं होतं. आक्का म्हणाल्या, "आगं बया, ह्या तर सरवा वेचत्यात!" लहानपणी माहेरी त्या आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचायला, म्हणजे कापणीनंतर सांडलेल्या लोंब्या गोळा करायला जात. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "हिचा हात पाठीवर का हाय, ठाव हाय का? मुठीत लोंब्या हायेत. मूठ मागं घेतली की वाकाया बरं पडतं. आन् ह्या तिसरीची कंबर गेलीया. तितं बघा गंजी केवढाल्या, आन् ह्यांच्या पायापाशी चार काड्या! मालक लई चिकट दिसतोय. आमच्यात कापणारे हात जरा ढिला सोडत्यात, गरिबाला घावावं म्हनून."

ही चित्रं शिकवताना मी छाया-प्रकाश, रचना, वास्तववाद असं सगळं सांगत आले होते. त्या पाठीवरच्या मुठीत काय आहे, ते मला तीस वर्षांत दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी ते सगळं वहीत उतरवलं. प्रकरणाला नावही ‘सरवा’ दिलं. आणि लिहिताना लिहिलं काय, तर "बारकाईने पाहता असे जाणवते की..."

पुस्तक आलं, त्यावर पुण्यात माझं व्याख्यान झालं. आक्का ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मूठ, कंबर, चिकट मालक... सगळं मी रंगवून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. श्रोत्यांतून कुणी तरी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? त्या माणसाच्या पुढ्यातच आक्का बसल्या होत्या. नुसता हात करायचा होता. मी म्हणाले, "पाहत राहिलं की दिसतं." लाज वाटली होती मला, एवढ्या जाणत्या लोकांत घरमालकिणीचं नाव घ्यायची. खरं कारण तेवढंच आहे.

परतताना आम्ही बसनं निघालो. भूगाव आल्यावर आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सरवा सांडलेलाच असतोय बाई, कुणी बी न्यावा. पर बांधावरनं मालकाला हाक घालत्यात, ‘सरवा घेऊ का?’ म्हनून. आमी एवढ्या गरिबीत बी हाक घातल्याबिगर वावरात पाय न्हाई ठेवला." राग नव्हता आवाजात. तो असता तर मला माफी मागायला सोपं गेलं असतं. मी "पुढच्या आवृत्तीत नाव घालते" असं पुटपुटले, त्या "र्‍हाऊ द्या" म्हणाल्या. पुढे मी खोली सोडली तेव्हा त्यांनी एवढं एकच चित्र मागून घेतलं.

फोन आला त्या दिवशीच मी मुद्रितात त्यांचं नाव घातलं. पान छान दिसतं. पण हाक मालक वावरात असताना घालायची असते, हे मला एवढं शिकून कळलं नाही.

दहाव्याला भुकूमला गेले. आक्कांच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत समोरच्या भिंतीवर त्या तिघी वाकलेल्या दिसत होत्या. चार वर्षं या घरात मी न विचारता येत-जात होते. त्या दिवशी मात्र पाय उंबऱ्याशी अडले आणि तोंडून आपसूक निघालं, "आक्का, येऊ का?"

आतून रेखा म्हणाली, "या की बाई, ईचारताय काय?"

मी तिथंच उभी राहिले.