टेकाडातली हाडं

डहाणू-तलासरी भागातल्या माझ्या पोलीस नोकरीतलं एक प्रकरण मला आजही नीट उलगडलेलं नाही, म्हणून ते विसरलंही जात नाही. आरोपी सापडला होता, मुद्देमाल सापडला होता, कबुलीही मिळाली होती. गुन्हा मात्र सापडला नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. तलासरीकडच्या एका पाड्याबाहेर दगड रचलेलं जुनं टेकाड होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांना तिथे पुरलेलं आहे, असं जाणकार सांगत. सरकारने ते संरक्षित ठरवून फलक लावला होता आणि पाड्यातलाच एक म्हातारा पहारेकरी नेमला होता. त्याला खाकी कोट आणि पितळी बिल्ला मिळाला होता.

त्या हिवाळ्यात उत्खननासाठी पुरातत्त्व खात्याचे एक अधिकारी आले. पंधरवड्याने ते फिर्याद घेऊन ठाण्यात हजर. टेकाडातून काढलेली माणसाची हाडं तंबूतल्या पेटीतून नाहीशी झाली होती. शेजारचं तांब्याचं कडं मात्र जागेवर होतं.

"कडं सोडून हाडं नेणारा चोर मी तरी पाहिला नाही," मी म्हणालो.

"मजुरांपैकीच कोणीतरी असणार. पहारेकरी सोडून कोणालाही विचारा. तो प्रामाणिक आहे."

तंबूचा पंचनामा केला, मजुरांचे जबाब घेतले. आमचा हवालदार प्रत्येकाला विचारी, "हाडांचं कालवण करणार होतास काय रे?" कोणी हसलंही नाही. दोन दिवसांत हाती काहीच लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटी डहाणू गावची सुकी मासळी विकणारी एक बाई ठाण्याच्या ओट्यावर टोपली टेकवून म्हणाली, "साहेब, पाड्यावर बोंबील विकायला गेले होते. टेकाडाचा खड्डा बुजवलाय, वर तांदूळ ठेवलेत. काम तर बंद आहे म्हणतात. मग बुजवला कोणी?"

आम्ही तंबू बारकाईने पाहिला होता. टेकाडाकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

फिर्यादीला सोबत घेऊन आम्ही गेलो, तेव्हा पहारेकरी फलकाखाली बसला होता. उठून त्याने सलाम ठोकला.

"खड्डा कोणी बुजवला?"

"मी."

"आणि हाडं?"

"आत. होती तशीच ठेवली."

हवालदार भडकला. "पहारेकरीही तूच आणि चोरही तूच?"

"मी कशाला चोर? नेली ती या साहेबानं," म्हातारा म्हणाला. "मला नेमलं तेव्हा फलक वाचून दाखवला. इथलं काही न्यायचं नाय, नेलं तर कैद. मोठा साहेब असला तरी सोडू नको, असं सांगितलं. मी याला बोललो, तर हा हसला. मग मी काय करायचं? तूच सांग."

मी वळून फलक वाचू लागलो.

अधिकारी अटकेची मागणी करू लागले. मी विचारलं, "उत्खननाचा परवाना याला दाखवला होता?"

"पहारेकऱ्याला?"

म्हाताऱ्याने हवालदाराला हळूच विचारलं, "कैद किती दिवसांची? भात झोडायचं राहिलंय."

हाडं पुन्हा काढली गेली. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. तो मला कुठे दिसेना. मी 'सी' समरीचा अहवाल पाठवला. म्हणजे तक्रार खरीही नाही आणि खोटीही नाही. तो मंजूर झाला. म्हातारा कैदेतून वाचला, नोकरी मात्र गेली. कोट आणि बिल्ला माझ्याकडे जमा करताना त्याने विचारलं, "राखण कोणाच्या ताब्यात देऊ?" नवी नेमणूक झालेली नव्हती. मी नुसती पोच लिहून दिली.

बदलीआधी एकदा त्या वाटेने जाताना सहज टेकाडावर चढलो. खालून हाक आली, "उतर, साहेब. लिहिलंय ना तिथं!"

म्हाताऱ्याच्या अंगावर कोट नव्हता, बिल्ला नव्हता. मी उतरलो.

त्या प्रकरणात कायदा नेमका कोणी पाळला, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. पुढे मात्र पहारा लावताना, कोणाला अडवायचं याबरोबर कोणाला आत सोडायचं, हेही मी शिपायाला सांगू लागलो. आणि मला स्वतःला आत जायचं असलं, की आधी त्याला कागद दाखवत असे.