ब्रेक पुढच्या मॉडेलला

त्याच्या जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्याच्या फटफटीचे ब्रेक काढले. तो छावणीतला मेकॅनिक, सरकारी गॅरेजात नोकरीला. रियासत गेलीच होती, आता आमच्या शहरातली राजधानीही भोपाळला चालली आणि तिच्यामागं ते गॅरेज. सकाळच्या गाडीनं त्यालाही निघायचं होतं. तो गेला की मला बोलायला कोणी उरणार नव्हतं.

आणि त्याचं वेड काय, तर मातीच्या गोल मैदानावरच्या रेसची फटफटी बनवायची! त्या रेसमध्ये नुसतं डावीकडं वळतात आणि ब्रेक नसतात म्हणे.

काहीही कमी पडलं की तो म्हणायचा, "पुढच्या मॉडेलला." चहात साखर नाही, पुढच्या मॉडेलला. शर्टाला बटण नाही, तेच.

संध्याकाळी मेळ्याच्या मैदानावर त्यानं मला मागं बसवलं. माझी टोपी उडाली. मी शिव्या घालत होतो, आणि घालता घालता हसायला लागलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. पेट्रोल संपलं तेव्हा कुठं थांबलो.

"थांबत नाही, ऐकत नाही," मी म्हटलं, "अगदी तुझी वहिनी."

सकाळी शिदोरी घेऊन स्टेशनवर गेलो, तर हा गाडीत नाही. त्याच्या घरी गेलो. अंगणात बसून फटफटीच्या टाकीवर रंगानं लिहीत होता: 'वहिनी, मॉडेल पहिलं'.

"अरे, नोकरी?"

"पुढच्या मॉडेलला."

"आणि हिचे ब्रेक?"

"वहिनींना ब्रेक? दादा, तुम्हाला कधी जमले?"