दादाची नसलेली बोटं आणि अर्धा तास

आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी खिजवायला नको. अंगात येणं, बाहेरचं लागणं या थोतांडाविरुद्ध वरवंडच्या बाजारात पत्रकं वाटणारी मुलगी मीच. या सदरातले भुताखेतांचे किस्से वाचून डोकं तडकतं माझं. आणि आज मीच लिहितेय...

माझा थोरला भाऊ शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होता. शिफ्ट दर सोमवारी बदलायची — सकाळी सातची, दुपारी तीनची, रात्री अकराची. शरीराला एक वेळ अंगवळणी पडते न पडते तोच दुसरी! प्रेसला दोन बटनं असतात. दोन्ही हात बटनांवर असले तरच प्रेस खाली येते, म्हणून हात वाचतात. सुपरवायझरने एक बटन रबराने बांधून ठेवलेलं — प्रॉडक्शन वाढतं म्हणे! ओव्हरटाइमची रात्र काढून दादा परत तीनला हजर झाला. डुलकी लागली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. रिपोर्टमध्ये काय लिहिलं? कामगाराचा निष्काळजीपणा.

दादा घरी आला, पण शिफ्ट सुटली नाही. रोज पाळी सुरू व्हायच्या ठोक्याला उजवा हात झटके द्यायचा, प्रेस मारल्यासारखे. तासभर. नसलेल्या बोटांत आग व्हायची. सोमवार आला की वेळही बदलायची.

आमचे चुलते, आप्पा, यांनी निकाल देऊन टाकला. "ह्याला बाहेरचं हाय. शिरूरकडं एक देवऋषी हाय, चाबकानं उतरवतो."

"आप्पा, सकाळी बुद्धवंदना म्हणता ना? त्याच तोंडानं?"

"मंग तुझं पत्रक बांध त्याच्या हाताला, आन् बघ थांबतंय का!"

दौंडच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. मेंदूत हाताचा नकाशा असतो, बोटं गेली म्हणून तो लगेच पुसला जात नाही. पण मेंदू बदलतो, ती जागा हळूहळू दुसऱ्या कामाला लावतो. शरीराचं घड्याळही असतं. कंपनीची वेळ त्याला आठवू देऊ नका. मी आप्पांकडून तीन आठवडे मागून घेतले. तेवढ्यात थांबलं नाही, तर न्या चाबकाखाली — मी शब्द दिला.

घड्याळ, रेडिओ, शिफ्टचं कार्ड, सगळं शेजारी नेऊन ठेवलं. कंपनीचा विषय बंद. माझं घड्याळ पिशवीत, वहीत वेळ टिपायला. तासाचे झटके चाळीस मिनिटांवर आले, मग वीस. वेळ मात्र शिफ्टचीच. असू दे, मेंदू दिवस मोजतोच! मी आप्पांसमोर वही नाचवली.

तिसऱ्या सोमवारी पाळी सातची. हात साडेसहालाच उठला. पुन्हा पूर्ण तासभर. मंगळवारी साडेसहा. बुधवारीही. मी खेकसले, "मुद्दाम करतोस का रे?" कंपनीच्या डॉक्टरनेही त्याला हेच विचारलं होतं.

गुरुवारी दादाचा कामावरचा जोडीदार भेटायला आला. चहा फुंकत म्हणाला, "सुटलास लेका तू. सोमवारपासनं टाइम अर्धा तास आलीकडं वढलाय. साडेसहाला पंचिंग. शनिवारी संध्याकाळी नोटीस चिकटवली, इचारलं बी न्हाई कुणाला."

शनिवारपासून आमच्याकडे कुणी आलं नव्हतं. फोन नाही. आमच्या आळीत मोबाइल अजून एकाकडेही नाही. मी त्याला खोदून खोदून विचारलं — दादाला निरोप कुणी दिला? कुणीच नाही.

आप्पा दारातच बसले होते. "व्हय रंजे, हे हाय का तुझ्या डाक्तरच्या पुस्तकात?"

नव्हतं. शब्द मी दिलेला, तीन आठवडेही भरलेले. आप्पा जीप सांगायला उठले.

तेव्हा दादा बोलला. "बसा आप्पा. भूत असतं तर चाबकाला भ्यायलं असतं. मला कंपनी लागलीया. ती उतरवणारा असंल, तर आणा."

आप्पा बसले. चाबूक टळला — माझ्यामुळे नाही.

डॉक्टर म्हणाले, योगायोग. कुणी विचारलं तर मीही तेच सांगते. पण अर्धा तास, नेमका त्याच सोमवारी?

या सोमवारी पाळी पुन्हा सकाळची, आणि हात सव्वासहाला उठला. कंपनीत आता पंचिंग कितीला आहे, हे त्या जोडीदाराला विचारलं तर एका मिनिटात कळेल. मी विचारलेलं नाही. भिते. कंपनीपेक्षा, आप्पांपेक्षा, त्या भीतीचाच मला जास्त राग येतो.