शेवटच्या कडव्यात नसलेली ओळ

नात टेबलावर बोट आपटत कवितेच्या मात्रा मोजत होती. कविताही मी शिकवायचे तीच निघाली, आणि त्या टकटकीबरोबर मी विश्रांतवाडीच्या शाळेत, माझ्या जुन्या वर्गात जाऊन पोचले.

तेव्हा सीमेवर लढाई चालू होती. युद्धावरच्या या कवितेत प्रत्येक कडव्याच्या शेवटी आई म्हणते, 'दिवा लावते, परत ये'. शेवटच्या कडव्यात मात्र ती ओळ नाही. का नाही, असं मी वर्गाला विचारलं.

सुलभा उभी राहिली. "बाई, तेच तेच म्हणून आई थकली असेल. आमचा दादा तिकडेच आहे. त्याचं पत्र येईनासं झाल्यापासून आमची आईही दिवा लावताना काही बोलत नाही."

"गाइडमधलं उत्तर लिही. 'परिणाम साधण्यासाठी.' उगाच गुण घालवू नकोस," मी म्हटलं आणि फळा पुसायला वळले. खडूची ती कोरडी धूळ अजून घशात आहे.

तरीही चाचणीत तिनं स्वतःचंच उत्तर लिहिलं. मी लाल शाईनं शून्य दिलं. पेपर वाटले त्या दिवशी ती आली नाही. नंतरही कधीच आली नाही.

"आजी, ही ओळ शेवटी का नाही गं?"

मी सुलभाचं उत्तर सांगितलं.

"याला मार्क मिळतील?"

"नाही," मी म्हटलं. "मीच दिले नव्हते."